पोटरीची मोजणी

सूट मिळणार नाही, असं स्पर्धेच्या सेक्रेटरींनी मला तीन भाषांत सांगितलं. मराठीत समजुतीनं, कन्नडमध्ये नियमानं आणि इंग्रजीत घड्याळाकडं बघत. गळ्याच्या खाली अंगावर केस असलेला स्पर्धक स्टेजवर चढणार नाही, म्हणजे नाही.

माझ्यापुरतं मी सगळं कायदेशीर केलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. या इसमाची कातडी फार नाजूक आहे, असा त्याचा अर्थ. सेक्रेटरींनी ते उजेडाला धरून पाहिलं.

"हे इंग्लिशमधी हाय. कमिटीचं कामकाज कन्नडात चालतंय. भाषांतर आणा."

भाषांतर नेलं. भाषांतर करणाऱ्याची सही नव्हती. सही नेली. सहीखाली शिक्का नव्हता. शिक्का नेला. मग त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शांतपणे वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "आता सगळं बरोबर हाय. पण सूट द्यायची तरतूदच न्हाय."

"मग भाषांतर कशाला मागितलंत?"

"वाचल्याबिगर नाकारायचं कसं?" ते म्हणाले. बिनतोड.

आता वाचकांना वाटेल, हा कोणी मोठा पैलवान असणार. मी चोपन्न किलोचा आहे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत बिलं तपासतो. शरीरसौष्ठव हा शब्द मला बघून आजवर कुणालाही सुचलेला नाही. तो भरमूअण्णांना सुचला, कारण भरमूअण्णा जिम चालवतात आणि त्यांनी नावनोंदणीची यादी पाहिली होती. पंचावन्न किलोखालच्या गटात दोनच नावं होती.

"प्रश्या," ते म्हणाले, "पदकं तीन हायत, माणसं दोन. तू नुसता जाऊन उभा ऱ्हा. तिसरा आलासच."

या हिशेबात चूक काढता येत नव्हती. आणि मला पदक हवं होतं. का हवं होतं, हे समजायला आमच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये पाहुणा म्हणून यावं लागेल. पाणी यायच्या आधी माझे वडील, आप्पा, शोकेस उघडतात. माझी धाकटी बहीण पारमिता धावते. शंभर मीटर, दोनशे मीटर, रिले, सगळी पदकं फितीसकट लटकलेली आहेत. पाहुणे मान डोलावतात आणि सभ्यपणानं विचारतात, "आणि प्रशिकचं ह्यात कुठलं?"

आप्पा म्हणतात, "काच तो पुसतोय."

तर एक पदक. तिसरं चालेल. मध्ये अडचण होती ती फक्त माझ्या दोन पायांची.

निसर्गानं माझ्या छातीवर काही पेरलं नाही. सगळं पीक पायांवर घेतलं. आणि जमीन अशी, की तिला काहीच सोसत नाही. लोकर लावली की पुरळ. नव्या शर्टाचं लेबल लागलं की मानेवर गांधी उठतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला मेंढपाळ केला होता, तर घोंगडं उतरवल्यावर मेंढ्या झालेली पोरं माझ्याकडं बघून रडली. अशा कातडीवरचे केस काढायचे, तेही ती कातडी जागची न हलता, हा प्रश्न होता.

उत्तर खरं तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं. डॉक्टर म्हणाले, "साधा ट्रिमर फिरवा. कातडीला टेकवायचा नाही. बारीक खुंट राहतील, राहू देत. दुसरं काही लावू नका."

घरी या सल्ल्याचं स्वागत फार थंडपणानं झालं.

"एवढंच?" आई म्हणाली. "गोळी न्हाय, मलम न्हाय? मग डॉक्टरकडं कशाला गेलतास?"

भरमूअण्णांचं म्हणणं जास्त तांत्रिक होतं. "स्टेजवर हॅलोजन मारत्यात बाबा. खुंट चमकतंय. ऊस तोडून नेलेल्या रानावाणी दिसशील."

या उपमेनंतर ट्रिमर बाद झाला. मला डॉक्टरांबद्दल वाईट वाटलं, पण त्यांना उसाचा अनुभव नव्हता.

एक उपाय बाद झाला की दुसरे उगवतात. भरमूअण्णांचा विश्वास वस्तऱ्यावर. पारमिताकडं केस काढायचं क्रीम होतं आणि शिवाय एपिलेटर नावाचं एक यंत्र, जे चालू केलं की चरकात ऊस घातल्यासारखा आवाज करतं. आणि खालच्या मजल्यावरच्या शालूआक्कांकडं काकवी होती. त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ आहे. दरवर्षी डबा येतो आणि वर्षभर तो कुठल्या ना कुठल्या आजारावर चालतो.

"काकवीत लिंबू पिळायचं, आटवायचं, गरम हाय तवर लावायचं आणि कापडानं फर्रकन वढायचं," शालूआक्का म्हणाल्या. "माझ्या नणंदेनं लग्नात केलतं. पाय कसं, संगमरवर!"

"आणि त्वचा नाजूक असली तर?"

"नणंद तर लईच नाजूक. तोंडानं सोडून."

मी तिघांनाही नाही म्हणू शकलो असतो. पण तिघंही एकाच वेळी आमच्या हॉलमध्ये बसून चहा पीत होते. पारमितानं मध्ये फोन काढला आणि मोठ्यानं वाचलं, "नाजूक त्वचेवर काहीही लावण्यापूर्वी एका छोट्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. एक दिवस थांबावं."

'तुकडा' या शब्दाला कोपऱ्यातला पेपर खाली आला.

पेपरमागं आप्पा होते. आमचे आप्पा, भीमाप्पा, सर्वेयर म्हणून निवृत्त झाले आहेत. हयातभर त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते गॅलरीतून पार्किंगच्या रेषांकडं बघत असतात. ते उठले, कपाटातून टेप, पट्टी आणि निळं बॉलपेन घेऊन आले आणि म्हणाले, "पॅन्ट वर कर. पाय उत्तरेकडं."

"उत्तरेकडं कशाला?"

"नकाशा उत्तरेकडंच काढत्यात."

माझ्या उजव्या पायाची रीतसर मोजणी झाली. गुडघा ते घोटा चार हिस्से पडले. दोन हिश्श्यांच्या मध्ये बोटभर बांध सोडला, कारण बांध नसला की पुढं भांडणं होतात, असं आप्पांचं आयुष्यभराचं निरीक्षण होतं. पहिला हिस्सा भरमूअण्णांना वस्तऱ्यासाठी. दुसरा पारमिताच्या क्रीमला. तिसरा शालूआक्कांच्या काकवीला. चौथा, अगदी घोट्याजवळचा, एपिलेटरला.

"माझा हिस्सा बारका वाटतोय," शालूआक्का म्हणाल्या.

"पोटरीचा उतार धरलाय त्यात," आप्पा म्हणाले. "सपाट केला की भरतंय."

ही सगळी चर्चा माझ्या पायावर चालली होती आणि त्याच्या वरच्या टोकाला मी होतो, हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

भरमूअण्णांनी वस्तरा फिरवला. पारमितानं क्रीम लावलं, त्याचा वास असा आला की शेजाऱ्यांनी गॅस बघायला दार उघडलं. मग काकवी आली. आक्कांनी ती आटवली होती, पण नणंदेच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळं किती आटवायची याचा अंदाज चुकला होता. ती चिकटण्याऐवजी वाहायला लागली. तिसऱ्या हिश्श्यातून बांध ओलांडून सरळ चौथ्यात गेली.

"अतिक्रमण!" आप्पा ओरडले.

"उतार तुमीच सांगितलासा की!" आक्का म्हणाल्या.

भरमूअण्णांनी मदत म्हणून वस्तऱ्याच्या पाठीनं ती काकवी निपटली. पारमितानं त्यावरच एपिलेटर टेकवला. मी जो आवाज काढला तो ऐकून तिनं तो लगेच उचलला. यंत्र चाललं की नुसतं टेकलं, यावर घरात आजही दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. पहिल्या हिश्श्यात बारीक लाल फोड. दुसरा हिस्सा भाजल्यासारखा. तिसऱ्यात रात्रभर मुंग्या येऊन गेल्या होत्या आणि बांध त्यांनीच काय तो पाळला, त्याच्यावरूनच रांगेनं चालत होत्या. पण चौथा हिस्सा! गुळगुळीत. ना लाली, ना फोड, ना एक केस. मी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मला स्टेज दिसलं, पदक दिसलं, काचेमागं जागा करून घेणारा माझा हात दिसला.

प्रश्न एवढाच होता की हे केलं कुणी.

"काकवीनंच," शालूआक्का म्हणाल्या. "तितं वाहत गेलती, समद्यांनी बघितलंय."

"वस्तरा मी फिरवलाय आक्का," भरमूअण्णा म्हणाले. "काकवी निपटली न्हाय व्हय काल?"

"पाठीनं केस निघत्यात व्हय तुमच्या वस्तऱ्याच्या?"

"चौथा हिस्सा एपिलेटरच्या नावावर आहे," पारमिता म्हणाली. "मालक मी."

आप्पांनी तिघांनाही खाली बसवलं. हिस्सा कुणाच्या नावावर, ताबा कुणाचा, वहिवाट कुणाची, अशी एकेकाची सुनावणी झाली. माझा पाय मधल्या टीपॉयवर पुरावा म्हणून ठेवला होता. शालूआक्कांनी साक्षीदार म्हणून नणंदेला फोन लावला. नणंद म्हणाली, मला काही आठवत नाही, मी जेवतेय. सुनावणी अशी रंगली होती की आप्पांच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी तेज पाहिलं.

तेवढ्यात आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. तिनं बश्या ठेवायला माझा पाय बाजूला सारला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो, तितं केस हुतेच कवा? शाळंत असल्यापास्नं सॉक्सचं इलॅस्टिक तितंच बसतंय. घासून घासून गेलेत."



म्हणजे सगळ्या उपायांत जो एकमेव उपाय माझ्या कातडीला सोसला होता, तो होता शाळेचा मोजा. त्याला बारा-पंधरा वर्षं लागतात. स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती.

"दादा, डॉक्टर ट्रिमर म्हणालेले..." पारमिता हळूच म्हणाली.

"एवढी मोजणी झाल्यावर आता ट्रिमर?" आप्पांना ते अपमानास्पद वाटलं. "सलोख्यानं वाटणी करूया. कुणाचं मन मोडायला नको."

सलोख्याची वाटणी अशी झाली: उजवा पाय भरमूअण्णांना, डावा शालूआक्कांना, आणि दोन्ही मांड्यांच्या मागची बाजू पारमिताला. रविवारी सकाळी तिघांनी आपापल्या क्षेत्रात काम पुरं केलं. या खेपेला काकवी नीट आटली होती. आक्कांनी कापड ओढलं तेव्हा मी कन्नड, मराठी आणि अजून एका भाषेत बोललो, जी मला येत नाही.

केस गेले. एकही राहिला नाही. त्यांच्या जागी दोन पाय राहिले, टोमॅटोच्या रंगाचे, तव्यासारखे गरम, आणि अशा खाजेचे की ती वरून नाही, हाडाकडून येते. भरमूअण्णांनी त्याच्यावर ब्रशनं स्पर्धेचा तपकिरी रंग फासला. रंगानं लाली झाकली गेली. खाज तशीच राहिली, फक्त आता ती तपकिरी होती.

"हात लावायचा न्हाय," अण्णांनी बजावलं. "खाजवलंस की रंग निघतोय. खालचं दिसलं की परीक्षक खाली घालवत्यात."

"अण्णा, आतून मुंग्या..."

"तासाभराचा प्रश्न हाय. तिसरा आलासच म्हण."

स्पर्धेच्या मांडवात वजनकाट्याजवळ चौथा माणूस उभा होता.

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी यादीकडं पाहिलं. "सकाळी नाव घातलंय," ते पडल्या आवाजात म्हणाले. "निपाणीचा हाय. जोतिबा."

जोतिबा माझ्यासारखाच होता. म्हणजे त्यालाही बघून शरीरसौष्ठव सुचलं नसतं. चड्डीवर, तपकिरी रंगात, आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो तर फर्निचरच्या दुकानातल्या दोन खुर्च्यांसारखे दिसत होतो. पहिल्या दोघांकडं बघायचंसुद्धा कारण नव्हतं, त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे होते. आता तीन पदकं होती आणि माणसं चार. आणि चौथा येणाऱ्याला टाळ्यासुद्धा थोड्या कमीच मिळतात.

स्टेजमागं तो सारखा एका पायावरून दुसऱ्यावर होत होता. मला ती हालचाल ओळखीची वाटली.

"काय लावलंस?" मी विचारलं.

त्यानं दचकून बघितलं. "वस्तरा मारला. त्याच्यावर मावशीनं लिंबू चोळलं."

"लिंबू?"

"मावशी म्हणाली, झोंबलं म्हंजे लागू पडलं." तो पुन्हा दुसऱ्या पायावर गेला. मग म्हणाला, "आन् तू?"

"काकवी."

त्यानं माझ्याकडं खऱ्या आदरानं पाहिलं.

पहिल्या दोघांचा निकाल पाच मिनिटांत ठरला. मग परीक्षकांनी माइकवरून आम्हा दोघांना पुढं बोलावलं. तिसऱ्या जागेसाठी तुलना. "हात डोक्याच्या मागं. उजवा पाय पुढं. होल्ड!"

हॅलोजन पेटले. उष्णता लागली आणि माझ्या पायांवरचा सगळा पसारा एकदम जागा झाला. वस्तऱ्याचा, काकवीचा आणि क्रीमचा, तिन्हींचा मुलूख एका वेळी. हात डोक्याच्या मागं होते. हात खाली आणला की पदक गेलं, हे इतकं स्पष्ट होतं की मी दात आवळले. दातांनी भागेना म्हणून मान आवळली. मग छाती, पोट, मांड्या. आयुष्यात कधी न दिसलेले स्नायू मला सोडवायला कुठून कुठून बाहेर आले.

मांडवातून शिट्टी आली. खालून भरमूअण्णांचा गहिवरलेला आवाज आला, "आरं, हे कट्स कुठनं आलं रं!"

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून जोतिबाकडं पाहिलं. त्याचेही सगळे स्नायू उभे होते. कपाळावरची शीरसुद्धा पोज देत होती. परीक्षक पुढं झुकले. अशी चुरस त्यांनी या वजनात पाहिली नव्हती. "होल्ड!" माइक म्हणाला. "अजून होल्ड!"

माझा डावा हात मानेमागून हळूहळू सुटायला लागला. मी त्याला उजव्या हातानं धरून ठेवलं. तो माझा हात आहे याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"दादा," जोतिबा ओठ न हलवता म्हणाला, "तुझा पाय जरा इकडं दे की."

"कशाला?"

"दे म्हणतोय न्हवं."

मी उजवी पोटरी तिरकी केली. पोज बदलतोय असं वाटावं इतपतच. त्यानं आपली डावी पोटरी तिला लावली आणि एकदा, फक्त एकदाच, वरून खाली घासली. मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मी परतफेड केली. त्यानं डोळे मिटले. नंतर आम्ही हिशेब ठेवला नाही. हात डोक्यामागं, छाती फुगवलेली, नजर परीक्षकांवर, चेहऱ्यावर हसू, आणि खाली दोन पाय एकमेकांना घासतायत, तपकिरी रंगाचे पापुद्रे स्टेजवर पडतायत.

परीक्षकांत कुजबूज झाली. एकानं नियमांचं पुस्तक उघडलं. स्वतःला खाजवण्याबद्दल त्यात होतं. दुसऱ्याला खाजवण्याबद्दल काही नव्हतं. सेक्रेटरींना विचारलं गेलं. तरतूद नाही, असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं 'तरतूद नाही' माझ्या बाजूनं पडलं.

"पंचावन्न किलोखालील गट," माइक म्हणाला, "तिसरा क्रमांक विभागून!"

पदक मात्र एकच होतं. दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागेल, असं सेक्रेटरी म्हणाले. कुठल्या भाषेत ते मी विचारलं नाही. आधी ते माझ्या उघड्या छातीवर लटकवलं. फोटो झाला. भरमूअण्णा स्टेजवर चढले आणि त्यांनी मला पदकासकट अशी मिठी मारली की माझा श्वास गेला. मग फीत काढून जोतिबाच्या गळ्यात घातली. त्याचाही फोटो झाला. मग आम्ही दोघं ते पदक मध्ये धरून उभे राहिलो, आणि कुणी सोडायचं ते कळेना.

"आईनं गल्लीत सांगून ठेवलंय," जोतिबा खाली बघत म्हणाला. "एकडाव दाखवतो आन् आणून देतो. आईशप्पथ."

माझ्या डोळ्यांसमोर आमची काच आली. मग त्याची पोटरी आली. अशी मदत मला घरच्यांनीही कधी केली नव्हती.

"ने," मी म्हणालो. आणि निपाणीच्या बसमागं हात हलवत उभा राहिलो, हा मूर्खपणा आपण का केला याचा विचार करत.

घरी आप्पांनी शोकेसमधली रिलेची दोन पदकं सरकवून मध्ये जागा केली होती. खालून शालूआक्का विचारून गेल्या होत्या.

"आण," आप्पांनी हात पुढं केला.

"निपाणीला गेलं."

"कोण?"

"पदक. विभागून मिळालंय. त्याच्या आईला दाखवायला नेलंय त्यानं."

आप्पांनी रिलेची पदकं पुन्हा जागेवर सरकवली. पारमिताला हसू आलं, पण तिनं ते गिळलं, आणि तेच मला जास्त लागलं. मी बाथरूममध्ये जाऊन रंग धुवायला लागलो. बादलीभर तपकिरी पाणी गेलं, आणि तेव्हा कळलं की आता छातीलाही खाज सुटली आहे. बरोबर मध्यावर. मी मान खाली घालून बघितलं आणि टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर आलो.

"पारमिता, हे काय बघ गं."

तिनं बघितलं. छातीवर रुपयापेक्षा मोठा, अगदी गोल, फुगलेला लाल वण होता. कडेनं पदकाची नक्षी उठली होती. मध्ये अक्षरं होती, उलटी. तिनं फोनचा सेल्फी कॅमेरा माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर अक्षरं सुलटी झाली.

"तृतीय," तिनं वाचलं. मग वेगळ्या आवाजात, "दादा! खरंच की!"

आप्पा चष्मा लावून आले. त्यांनी वणाकडं बराच वेळ बघितलं. नक्षीच्या कडेवरून बोट फिरवणार होते, पण त्यांनी ते मध्येच मागं घेतलं. मग दार उघडून जिन्यात गेले आणि खाली वाकून ओरडले, "आक्का! लवकर वर या! पुरळ बसायच्या आत या!"

शालूआक्का आल्या. त्यांनी मागचं बिऱ्हाड आणलं. भरमूअण्णा गाडी लावून आले. मी हॉलमध्ये मध्यभागी टॉवेलवर, छाती पुढं काढून उभा होतो. खाज अशी सुटली होती की काय सांगू, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं की हे पुरळ जाऊ नये. आप्पा प्रत्येकाला जवळ बोलवून, कोण आला, कोण हरला, कोणी मिठी मारली हे स्वतः तिथं असल्यासारखे पहिल्यापासून सांगत होते, आणि शेवटी म्हणत होते, "हे प्रशिकचं."

आई खोबरेलाची वाटी घेऊन केव्हाची उभी होती.

"आता लावू काय?" तिनं विचारलं.

"जरा थांब," आप्पा म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावरचे अजून यायचेत."